मे महिन्यात पाहिलेलं घर

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांना टेकला तर कोणी विशेष बोलत नाही. ४२वरच थांबला तर मात्र ‘यंदा उन्हाळा झालाच नाही’ म्हणतात. मी लग्न होऊन या गावात आले, इथेच व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरून देण्याचं माझं काम वाढलं. कूलर, पन्हं, तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा आणि बारा ते पाच बंद दारं हे सगळं मी कधीच अंगवळणी पाडून घेतलं होतं. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, ऊन लागलं त्या वर्षापर्यंत.

बाबा सत्तरी ओलांडलेले. रक्तदाब जुना, अँजिओप्लास्टी झालेली, आणि लघवी जास्त होण्याची गोळी रोजची. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यात ही गोळी अंगातलं पाणी काढून टाकते आणि उरलेलं घामावाटे जातं, हे गणित आम्हांला दवाखान्यात समजलं. भर दुपारी ते बँकेतून आले आणि असंबद्ध बोलू लागले. अंग तापलेलं, कातडी कोरडी. दवाखाना आमच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर होता म्हणून ते वाचले. हे वाक्य मी त्या वेळी नीट लक्षात ठेवलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

घरात दुसरी काळजी मुलीची होती. ती तेव्हा तिसरीत होती आणि तिला दमा. चंद्रपूरच्या भोवती कोळशाच्या खाणी आहेत, मोठं औष्णिक वीज केंद्र आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची जी यादी केली तिच्यात आमचं गाव वरच्या क्रमांकांत होतं. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की काळं होतं. मुलीला रोज सकाळ-संध्याकाळ स्टेरॉइडचा इनहेलर चालू होता. त्यानं तिचा दमा आटोक्यात होता, पण माझं समाधान नव्हतं. पोरीनं जन्मभर नळकांडं तोंडात धरायचं का, असं मला वाटायचं.

या दोन आजारांची मी एकत्र बेरीज केली आणि उत्तर काढलं: थंड आणि स्वच्छ हवा. माझं काम लॅपटॉपवर कुठूनही होण्यासारखं होतं. नवऱ्याची नोकरी मात्र चंद्रपुरातच. त्यानं मागे राहायचं, येऊन-जाऊन करायचं, आणि आम्ही चौघांनी डोंगरावर जायचं असं ठरलं. ‘ठरलं’ म्हणजे मी ठरवलं. आईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारल्याचं मला आठवत नाही. त्यांना कुठला आजार नव्हता, त्यामुळे त्या माझ्या हिशेबात कुठे बसतच नव्हत्या.

विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण म्हणजे चिखलदरा. पहिलं नाव तेच निघालं आणि मीच ते खोडलं. रात्री-अपरात्री काही झालं तर घाट उतरून परतवाडा, आणि तिथं नाही भागलं तर अमरावती. बाबांना घेऊन एवढा पल्ला कोण गाठणार, असं मी नवऱ्याला ठासून सांगितलं. मुद्दा बिनतोड होता. तोच मुद्दा मी पाचगणीला लावला नाही, याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. चिखलदरा मला आवडलं नव्हतं. पाचगणी आवडली होती.

पाचगणीबद्दल मी भरपूर वाचलं, आणि त्यातलं मला हवं तेवढंच उचललं. ब्रिटिशांनी आधी महाबळेश्वर वसवलं. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर उन्हाळ्यात तिथं मुक्कामाला असे. पण पावसाळा लागला की सारा लवाजमा पुण्याला उतरे आणि थंडीत मुंबईला. महाबळेश्वरात पावसाळा काढणं अवघड, म्हणून बारमाही राहता येईल अशी जागा शोधण्याचं काम १८६०च्या दशकात जॉन चेसन यांच्याकडे आलं आणि त्यातून पाचगणी उभी राहिली. पुढे १९१२मध्ये डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी तिथं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. हे वाचून मला वाटलं, झालं! बारमाही राहण्यासारखी जागा आणि फुप्फुसाच्या रोग्यांची परंपरा, आणखी काय हवं?

सत्ताधारी माणसंसुद्धा पावसाळ्यात सह्याद्रीचा माथा सोडून खाली पळत होती, ही गोष्ट याच मजकुरात होती. ती मी कुतूहल म्हणून वाचली. ती सूचना म्हणून वाचायला हवी होती.

नवरा म्हणाला, “एकदा पावसाळ्यात जाऊन पाहू, मग ठरवू.” मी म्हटलं, “म्हणजे मुलीचं शाळेचं वर्ष जाईल. जूनमध्ये प्रवेश घ्यायचा तर मेमध्येच घर पाहायला हवं.” शाळेचा मुद्दा खरा होता, पण घाई माझी होती. आणखी एक उन्हाळा चंद्रपुरात काढायची माझी तयारी नव्हती.

तर आम्ही मे महिन्यात गेलो. चंद्रपूरहून आलेल्या माणसाला पाचगणीचा मे दाखवणं हा त्याच्यावर अन्यायच आहे. दुपारी अंगाला गार वारा लागतो, रात्री पांघरूण घ्यावं लागतं. सिल्व्हर ओकच्या रांगा, खाली कृष्णेचं खोरं. बाबा टेबललँडच्या पठारावर चक्क चालले. मुलगी पळाली आणि तिला धाप लागली नाही. पाचगणी गावातली भाडी परवडेनात, म्हणून आम्ही महाबळेश्वर रस्त्याला, भिलारच्या बाजूला सरकलो. तिथं एक बैठं घर मिळालं. जांभ्या दगडाच्या भिंती, वर दाट झाडी, अंगणात दिवसभर सावली. सावली! चंद्रपूरच्या माणसाला सावली म्हणजे दागिना. सूर्य घरात कुठून येतो हे मी पाहिलं नाही. तो येत नाही म्हणून तर घर पसंत केलं.

मालकीणबाईंनी किल्ली देताना विचारलं, “पावसाळ्यात पण हितंच ऱ्हानार व्हय ताई?” मी हसून म्हटलं, “हो, बारमाही.” त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, “आम्ही झड्या बांधून देऊ, पन वल काय जात न्हाय.” झड्या म्हणजे वाळक्या गवताचे मोठे पडदे, पश्चिमेकडून येणारा पाऊस भिंतीत मुरू नये म्हणून तिकडे ते घराला बाहेरून बांधतात. घराला रेनकोट घालावा लागतो त्या गावात मी दम्याच्या मुलीला घेऊन राहायला निघाले होते, आणि मला ते दृश्य फार रम्य वाटलं. अकरा महिन्यांचा करार मी तिथंच केला.

त्या पट्ट्यातला पाऊस कसा पडतो हे मला तेव्हा कळायला हवं होतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या साधारण एकतृतीयांश. घाट उतरून वाईला आलं की त्याहून पुष्कळ कमी. ढग पश्चिमेकडून येतात, माथ्यावर ओझं उतरवतात आणि पूर्वेकडे जाता जाता रिकामे होतात. म्हणजे या रस्त्यावर पश्चिमेला सरकलेला प्रत्येक किलोमीटर पावसात मोजावा लागतो. मी तो भाड्यात मोजला. चेसनसाहेबांनी जी जागा पूर्वेला, पावसाच्या आडोशाला शोधली होती, तिच्यापासून मी परत महाबळेश्वरच्या दिशेनं निघाले होते आणि वर तिच्या इतिहासाचा दाखला देत होते.

चंद्रपूरचं घर आम्ही भाड्यानं दिलं. नवऱ्यानं मागची एक खोली ठेवली. दोन संसारांचा खर्च भागवायचा तर ते भाडं लागणारच होतं. पण त्यामुळे परतीची वाटही आम्हीच बंद करून घेतली.

जूनचे पहिले दिवस इतके छान गेले की मी नातेवाइकांना फोटो पाठवत सुटले. मुलगी खोकली नाही, रात्री उठली नाही. आणि या आनंदात मी या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट केली. तिचा रोजचा इनहेलर आधी एक वेळ केला, मग बंद केला. डॉक्टरांना फोनसुद्धा केला नाही. हवा बदलली, आता औषध कशाला, असा माझा सरळ हिशेब होता.

तो इनहेलर दमा आलेला घालवण्यासाठी नसतोच. श्वासनलिकांना आतून जी सूज असते ती दाबून ठेवण्यासाठी असतो. तो बंद केला की त्याच दिवशी काही होत नाही. काही दिवस, कधी काही आठवडे, मूल ठणठणीत दिसतं, कारण आधीच्या औषधाची पुण्याई शिल्लक असते. तोवर सूज हळूहळू परत येत राहते. नेमक्या त्याच दिवसांत पाऊस लागला.

डोंगरावरचा जुलै खाली बसून कल्पनेत येत नाही. पाऊस पडतो हे ठीक. पण तिथं ढगच घरात येतात. दार उघडलं की धुकं आत. कपडे वाळत नाहीत, मिठाचं पाणी होतं, पापड मऊ पडतात, काड्यापेटी पेटत नाही. कपाटातल्या पट्ट्यावर आणि चपलांवर हिरवट-पांढरी बुरशी, पुस्तकांना कुबट वास. आम्ही चंद्रपूरहून आणलेल्या कापसाच्या गाद्या ओल पिऊन जड झाल्या. चंद्रपुरात याच गाद्या आम्ही उन्हाळाभर गच्चीवर टाकायचो, त्या रोज उन्हात भाजून निघायच्या.

या भाजून निघण्याचं महत्त्व मला नंतर मुलीच्या डॉक्टरांकडून कळलं. गाद्या-उशांत डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे असतात. माणसाच्या कातडीचा कोंडा हे त्यांचं अन्न, पण पाणी ते हवेतून शोषतात. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली टिकून राहिली की ते सुकून मरतात. सत्तर-ऐंशी टक्क्यांत त्यांची चंगळ. दमेकऱ्यांना त्रास देणाऱ्या गोष्टींत त्यांचा नंबर फार वर आहे, त्यांच्या जोडीला बुरशी. स्वित्झर्लंडमधल्या दावोससारख्या जागी दम्याच्या मुलांना बरं वाटतं ते बऱ्याच अंशी तिथली उंच हवा कोरडी आहे, त्यामुळे हे किडे तिथं टिकत नाहीत म्हणून. मी ‘डोंगरावरची हवा’ एवढंच ऐकलं होतं. तेराशे मीटरवरचा पावसाळी सह्याद्री आणि आल्प्सची कोरडी थंडी यांच्यात साम्य एवढंच, की दोन्हीकडे स्वेटर लागतो. ज्या उन्हाला आम्ही शिव्या घालत होतो ते चंद्रपुरात निदान आमच्या गाद्या तरी साफ करत होतं.

त्यावर मी आणखी भर घातली. कपडे वाळावेत, बाबांना ऊब मिळावी म्हणून शेजारणीकडे पाहून मी कोळशाची शेगडी आणली आणि बंद खोलीत पेटवली. तिच्यावर बांबूचं टोपलं पालथं घालून त्यावर शाळेचा गणवेश वाळत टाकायचे. शेजारणीच्या घरात वरून धूर जायला वाट होती, आमच्याकडे खिडक्या घट्ट लावलेल्या. चंद्रपूरच्या कोळशाच्या हवेतून मुलीला सोडवून आणली आणि इथं कोळसा मी घरात पेटवला. बंद खोलीतल्या शेगडीच्या विषारी वायूनं माणसं झोपेतच दगावतात, हे माहीत असूनही मी ती पेटवत होते.

मुलीला खरा झटका आला तो रात्री. वीज गेलेली, त्यामुळे घरातलं नेब्युलायझर निकामी. दम लागल्यावर ओढायचा निळा इनहेलर होता, पण तो स्पेसरच्या भांड्यातून दिला तरच औषध लहान मुलाच्या छातीत नीट उतरतं, आणि ते भांडं सामानात कुठंतरी होतं. मालकीणबाईंच्या मुलानं गाडी काढली. धुक्यात पुढचे दहा फूटही दिसत नव्हते. तो खिडकीतून डोकं बाहेर काढून कडेचा पांढरा पट्टा बघत गाडी हाकत होता. पाचगणीतल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, वाफ दिली, स्टेरॉइड दिलं आणि जरा स्थिर झाल्यावर खाली न्यायला सांगितलं. पसरणीचा घाट उतरताना मला चिखलदऱ्याबद्दलचा माझाच बिनतोड मुद्दा शब्दन्‌शब्द आठवत होता. छातीचे तज्ज्ञ साताऱ्याला, नाही तर शंभर किलोमीटरवर पुण्याला. मोठा दवाखाना दहा मिनिटांवर होता ते गाव मी सोडून आले होते.

खालच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “रोजचा इनहेलर कधी बंद केला?” बंद केला का, असं नाही, कधी केला. हवा पालटायला आलेल्यांची ही चाल त्यांना पाठ होती. मी आठवून सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “मॅडम, दम्याच्या मुलांना चांगली हवा मिळाली तर चांगलंच आहे. पण ती औषधासोबत घ्यायची, औषधाऐवजी नाही.”

याच खेपेत बाबांचाही उलगडा झाला. ते बरोबर आले होते, आणि डॉक्टरांनी सहज म्हणून त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा १८०च्या पुढे. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैलावतात, घामानं पाणी जातं, दाब उतरतो. म्हणून आमच्या चंद्रपूरच्या डॉक्टरांनी एप्रिलमध्ये त्यांची एक गोळी निम्मी केली होती आणि पाऊस लागला की दाखवायला या असं बजावलं होतं. थंडीत उलटं होतं, वाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. म्हणजे आम्ही त्यांना उन्हाळ्याच्या गोळीवर थंडीत आणून ठेवलं होतं. दाब मोजायचं यंत्र घरात होतं, पण ते आईंच्या लोखंडी पेटीत, पितळी डब्यांच्या खाली. बाबांना मी गाठलेल्या थंडाव्याचं इतकं कौतुक होतं की डोकं जड होतं हे त्यांनी मला सांगितलंच नाही. शिवाय त्यांचं चालणं बंद झालं होतं. चंद्रपुरात सकाळी पाचला उठून ते सपाट सडकेवर तासभर फिरायचे, उन्हाळ्यातसुद्धा. इथं दारातून पाऊल टाकलं की चढ नाही तर उतार, त्यावर शेवाळ. ऊन लागू नये म्हणून आणलेला माणूस खुर्चीला खिळला.

आणि आई. त्यांच्या अंगात ताप नव्हता, छातीत घरघर नव्हती, त्यामुळे त्यांच्याकडे माझं लक्ष जायला ऑगस्ट उजाडला. त्यांनी भांडी घासताना गुणगुणणं सोडलं होतं. एकदा मी विचारलं, “बरं नाही का वाटत?” तर म्हणाल्या, “ऊन तं नाई इथं पोरी, पन बोलाले मानूसबी नाई.” चंद्रपुरात आमच्या गल्लीत दुपारची बंद दारं पाच वाजता उघडली की ओट्यावर बायका जमायच्या. कोणाच्या घरी काय शिजलं इथपासून महाकालीच्या यात्रेपर्यंत सगळं तिथं बोलून व्हायचं. चाळीस-पन्नास वर्षांची ती बैठक मी एका फटक्यात मोडली होती. भिलारच्या बाजूचे लोक प्रेमळ, पण पावसाळ्यात तिथं ज्यानं-त्यानं आपलं दार लावून बसायचं. त्यात आईंची बोली ऐकून दुकानदार गालात हसायचा. तो कौतुकानंच हसायचा, पण त्यांनी दुकानात जाणं सोडलं.

परत जायचं तर चंद्रपूरच्या घरात भाडेकरू. त्यांना मध्येच निघा म्हणणं नवऱ्याला पटेना आणि ते बरोबरच होतं. शेवटी दसऱ्याच्या सुमारास आम्ही वाईला उतरलो. डोंगरावरच्या घराची अनामत पुरती परत मिळाली नाही. करार मीच मुदतीआधी मोडला होता, त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

वाई निवडण्यात माझं काही शहाणपण नव्हतं. मुलीच्या तपासण्यांसाठी येऊन-जाऊन ओळख झाली, एवढंच. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे पाचगणीच्या जवळपास निम्म्या उंचीवर. एप्रिलमध्ये इथं पारा ३८-३९पर्यंत जातो. पाचगणीची माणसं त्याला भट्टी म्हणतात. बाबांना मात्र ते मानवतं, कारण उन्हानं त्यांचा जीव धोक्यात आला होता तो ४५च्या पुढे. आम्हांला फक्त वरचे सात-आठ अंश उतरवायचे होते. मी घाबरून वीस उतरवले आणि त्यांच्याबरोबर ओल, चढ, घाट आणि एकटेपण पदरात घेतलं. रस्ते सपाट आहेत, दवाखाने चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. घर दुसऱ्या मजल्यावर घेतलं, दक्षिणेला गच्ची, सकाळपासून ऊन. भाडं ठरवण्याआधी मी मालकांना विचारलं की पावसाळ्यात कपडे कुठं वाळतात. त्यांनी चमकून पाहिलं आणि एका कोपऱ्यात बांधलेली दोरी दाखवली. ऑनलाइन मागवलेलं आर्द्रता मोजण्याचं छोटं यंत्र मुलीच्या उशाशी असतं. गादी-उशीला किडे आत जाऊ न देणाऱ्या खोळी आहेत, आणि इनहेलर दात घासण्याच्या ब्रशशेजारी. सकाळ-संध्याकाळ, न चुकता. पुढे डॉक्टरांनीच मात्रा कमी केली.

आरोग्यधामांच्या ज्या परंपरेवर मी भाळले होते तिचं पुढे काय झालं हेही मी नंतर वाचलं. १९४०च्या दशकात क्षयावर औषधं सापडू लागली. १९५६मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवून, चांगला आहार आणि विश्रांती देऊन औषधं दिली. बाकीच्यांना तीच औषधं देऊन त्यांच्याच दाटीवाटीच्या, गरिबाच्या घरांत ठेवलं. १९५९ साली निष्कर्ष आले. घरी राहिलेल्यांचं बरं होणं आरोग्यधामातल्यांपेक्षा कमी नव्हतं. मद्रासच्या उकाड्यात, कोंदट खोलीत राहून माणसं बरी झाली, कारण औषध नेमानं पोटात जात होतं. जगभर आरोग्यधामं ओस पडू लागली त्यामागे हेही एक कारण होतं. मी त्या गोष्टीचा पूर्वार्ध वाचून घर बदललं होतं.

हवेनं काहीच फरक पडत नाही, असं माझं म्हणणं नाही. बाबांना त्यानंतर ऊन लागलेलं नाही, आणि चंद्रपुरात राहिलो असतो तर पुढच्या उन्हाळ्यांची मला खात्री देता आली नसती. मुलीच्या खिडकीच्या चौकटीवर काळी पूड बसत नाही. पण हवा उपचार करत नाही. फार तर ती उपचाराच्या आड येत नाही. जागा निवडताना तेवढंच तिच्याकडे मागावं. आणि ते प्रत्येक माणसासाठी वेगळं मागावं. बाबांना उष्णतेची कमाल मर्यादा हवी होती, मुलीला कोरडेपणा हवा होता, आईंना ओटा हवा होता. मी तिघांना मिळून तापमानाचा एकच आकडा दिला.

आता ओळखीतून अधूनमधून फोन येतात. कोणाच्या वडिलांना उन्हाळा सोसत नाही, कोणाच्या मुलाला दमा. आंबोलीला घर बघतोय, तोरणमाळला बघतोय, तुमचा अनुभव काय? आंबोलीचं नाव ऐकलं की मी आधी तिथल्या पावसाचा आकडा विचारते, आणि बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो. मी सांगते, सगळ्यात वाईट महिन्यात जा आणि भाड्याच्या खोलीत राहा, हॉटेलात नको. रात्री दोन वाजता दवाखाना गाठायला किती वेळ लागेल ते दिवसा मोजू नका. जुनं घर वर्षभर रिकामं ठेवण्याची ऐपत नसेल तर जाऊच नका. आणि घरात ज्याला काही झालेलं नाही त्याला पहिल्यांदा विचारा. लोक ऐकून घेतात. बरेचजण नंतर मे महिन्यात घर बघून येतात.

वाईच्या घाटावरच्या भजनी मंडळात आईंचं आता चांगलं जमलं आहे. तिथल्या बायका त्यांच्याकडून वऱ्हाडी वडाभात शिकल्या. तरी दरवर्षी चैत्रात त्या चंद्रपूरला जातात, महाकालीच्या यात्रेला, नेमक्या रणरणत्या उन्हात. पहिल्या वर्षी मी विरोध केला. आर्द्रता, तापमान, वय, सगळे आकडे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तिकीट खालच्या बर्थचं हाय ना?” मी मोबाइल काढला आणि खालचा बर्थ पाहून तिकीट केलं. या वर्षीचंही मार्चमध्येच करून ठेवलं आहे.